कडेचा कोल्हा

३ ऑक्टोबर १९९९, रविवार

नागेशचा लॅपटॉप एकदाचा चालू झाला. स्वारी अमेरिकेला गेली — दोन हजार साल लागलं की जगातले कॉम्प्युटर बंद पडतील म्हणे, ते दुरुस्त करायला — आणि जाताना जुनं यंत्र थोरल्या भावाच्या गळ्यात मारून गेली. "दादा, छकुलीला खेळायला ऱ्हाऊ दे." मला काही नको होतं. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरवर यंत्रांची ड्रॉइंगं काढायची, आणि क्वार्टरवर येऊन परत तेच तोंड बघायचं!

छकुली आठ वर्षांची. तिनं दहा मिनिटांत बदकांचा खेळ शोधून काढला. मधे तळं, तळ्यात बदकं. डावीकडून नाहीतर उजवीकडून कोल्हा येतो. येण्याआधी त्याच बाजूच्या स्पीकरमधून बारीक केकाटतो. ज्या बाजूनं आला त्या बाजूचा बाण दाबायचा, की कुत्रा भुंकतो आणि कोल्हा पळतो. चाळीस कोल्हे आले की डाव संपला. तिनं छत्तीस हाकलले, मी चौतीस. मी खेळताना आवाज बंद करतो, त्या केकाटण्यानं डोकं उठतं. तिला मात्र आवाज मोठाच लागतो.

एक भानगड आहे. खेळ सुरू केला की चित्र सगळा स्क्रीन भरत नाही. मधोमध एक चौकोन आणि चारी बाजूंनी काळी पट्टी. खेळ ६४० बाय ४८० ठिपक्यांचा, स्क्रीन १०२४ बाय ७६८ चा. मोठ्या कागदावर मधेच लहान ड्रॉइंग काढावं तसं दिसतं. स्केल लावून मोजलं. स्क्रीन आडवा साडेअठ्ठावीस सेंटिमीटर, चित्र अठराला जरा कमी. एवढा कागद वाया घालवला असता तर आमच्या साहेबांनी मला उभा जाळला असता.

५ ऑक्टोबर

तोडगा सापडला. खाली कोपऱ्यात एक बटण आहे, ते दाबून धरून वरचं एक दाबलं की चित्र ताणलं जातं आणि स्क्रीन काठोकाठ भरतो. अक्षरं जाड-बारीक होतात, तळ्याचा काठ दातरलेला दिसतो, बदकं सुजल्यासारखी. पण भरतो! छकुली टाळ्या वाजवत होती.

मग खेळलो. छकुली पस्तीस. मी एकोणीस.

६ ऑक्टोबर

आज बारा. एवढंच.

९ ऑक्टोबर

कारण कळलं. चित्र ताणलं की कडा कापल्या जातात. कोल्हा कडेवर उगवतो, पण तो तुकडा स्क्रीनच्या बाहेर गेलेला असतो. अर्धं तळं ओलांडून आला की मगच दिसतो, तोवर बदक गेलेलं. नागेशला पत्रात लिहायला पाहिजे, तुझा डबा बिघडलाय म्हणून.

छकुली खेळत होती, तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, आला की डावीकडनं. तुमी बघतच न्हाय."

"दिसतोय का तुला तिथं?"

"आला म्हंजे आला."

उर्मट कार्टी. माझ्यावर गेलीय. संध्याकाळी दारातल्या बादलीला धडकून सगळं पाणी सांडलं तिनं. सुकन्या म्हणाली, "बाप तसा, लेक तशी. दोघांचं बी खाली ध्यान न्हाय."

१४ ऑक्टोबर

वाईट दिवस. पंपाच्या ड्रॉइंगवर उजव्या कोपऱ्यात साहेबांनी लाल शाईनं टीप लिहिली होती. भोकाचं माप बदललेलं. मी जुन्याच मापानं काढून दिलं. साहेबांनी सगळ्यांसमोर कागद माझ्यापुढं धरला. "दादासो, सोळा वर्षं झाली तुम्हाला. ही एवढी मोठी टीप दिसत नाही?"

दिसली नाही. देवाशपथ दिसली नाही.

शेजारच्या टेबलावरचे हिंदुराव जेवताना म्हणाले, "चष्मा बदला राव." चष्मा सहा महिन्यांपूर्वीच बदललाय. समोरचं बारीकात बारीक अक्षर वाचतो मी. केसाएवढी रेघ ओळखतो.

१७ ऑक्टोबर, रविवार

हे लिहायला नको होतं, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

सकाळी चित्र ताणून खेळत होतो. नऊ. चिडून खुर्ची मागं ढकलली, पार भिंतीपर्यंत. रागारागानं तिथूनच हात लांबवून दोन-चार बाण दाबले. आणि कोल्हे दिसायला लागले. दोन्हीकडचे. अगदी कडेवर उगवल्यापासून.

म्हणजे कडा कापल्या जात नाहीत. कडा तिथंच आहेत.

परत पुढं आलो — गेले. मागं गेलो — आले. चित्र लहान केलं आणि पुढं बसलो — आले. असं वीस वेळा केलं असेल. सुकन्या आतून म्हणाली, "खुर्ची फरशीला घासू नका, डोकं उठतं." 

मग जे येतं तेच केलं. ड्रॉइंग शीट भिंतीला चिकटवली, मधोमध टिंब काढलं. स्क्रीनपुढं बसतो तेवढ्याच, पंचेचाळीस सेंटिमीटरवर स्टूल, स्टुलावर पिठाचा डबा, डब्यावर हनुवटी. एक डोळा मिटून नजर टिंबावर ठेवली आणि पेन्सिल कडेकडून आत आणत गेलो. टोक दिसलं की खूण. चोवीस खुणा केल्या, जोडल्या. अंड्यासारखा एक आकार झाला. रुंदी मोजली. अठराला जरा कमी.

दुसऱ्या डोळ्याचा आकारही जवळपास तोच.

मधल्या चित्राएवढं जग दिसतं मला. भोवतीची काळी पट्टी मला काळीसुद्धा दिसत नाही. नाहीच काही तिथं. आणि मी यंत्राला शिव्या देत होतो.

१९ ऑक्टोबर

हिंदुरावांना गंमत म्हणून डब्यावर हनुवटी ठेवायला लावली. त्यांच्या खुणा शीटवर मावल्याच नाहीत. पेन्सिल शीट सोडून दाराच्या चौकटीपर्यंत गेली, तरी ते आपले "दिसतंय, दिसतंय" म्हणत होते. हसत होते. मीही हसलो.

ते गेल्यावर मोरीत जाऊन रडलो. नळ सोडून ठेवला होता.

२ नोव्हेंबर

तिन्हीसांजेला सायकलवरून येत होतो. उसाची ट्रॉली वळणावर उभी होती, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला. सगळा रस्ता तिला चुकवून जात होता. मी सरळ त्यात घुसलो. गाल फाटला, चष्मा गेला. ट्रॅक्टरवाला खाली उतरून म्हणाला, "पिऊन आलाय का हो मास्तर?"

मी होय म्हणालो. तेच सोपं वाटलं.

४ नोव्हेंबर

बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. सुकन्या बरोबर होती. घडी घालून ड्रॉइंग शीट नेली होती. डॉक्टरांनी ती उलगडली, बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे तुम्ही स्वतः काढलंत?" मग डोळ्यात थेंब, अंधारी खोली, दिवा. पुण्याला एक तपासणी करून घ्या म्हणाले, पण त्यात या शीटपेक्षा वेगळं काही निघेल असं त्यांना वाटत नाही. एका ड्राफ्ट्समनला याहून मोठी शाबासकी कधी मिळाली नसेल.

डोळ्याच्या पडद्याचा आजार. कडेनं सुरू होतो, हळूहळू आत येत जातो. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं. औषध नाही. किती वर्षं? सांगता येत नाही. दहा, पंधरा. मधलं चित्रही बारीक होत जाईल.

मग दोन प्रश्न विचारले त्यांनी. पहिला — घरात आधी कुणाला होतं का? मी पटकन नाही म्हणालो. दुसरा — मुलं किती? एक मुलगी. "तिलाही एकदा घेऊन या."

एस.टी.त सुकन्या माझा हात धरून बसली होती. चारचौघांत तिनं कधी हात धरलेला नाही. खिडकीतून ऊस दिसत होता, फक्त समोरचा.

५ नोव्हेंबर

पहिल्या प्रश्नाला खोटं बोललो. खोटं तरी कसं, तोवर मलाच माहीत नव्हतं. रात्रभर तेच डोक्यात.

आबांची, माझ्या वडिलांची, मेंढरं. मी दहा वर्षांचा होतो. तिन्हीसांजेला लांडग्यानं अकरा कोकरं नेली, आबा तिथंच काठी घेऊन उभे होते. लांडगा पाच हातांवरून गेला. सगळं लोणी गाव विचारत होतं, आणि आबा एकच वाक्य म्हणत होते — "दिसला न्हाय." लोक हसले. रावजी पाटलानं पारावर त्यांची नक्कल केली, काठी धरून आभाळाकडं बघायचं आणि म्हणायचं, दिसला न्हाय. शाळेत पोरं मला बघून तेच म्हणायची. आबांनी महिन्याच्या आत मेंढरांचं सगळं खांड विकलं आणि दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायला लागले. धनगर असून मेंढरं राखता येत नाहीत! मी त्यांना माफ केलं नाही. शिकलो, वालचंदनगरला लागलो, गावाकडं पाहुण्यासारखा जाऊन आलो. अठ्ठावीस वर्षं मी त्यांना भित्रा समजलो.

त्यांना दिसला नव्हता.

८ नोव्हेंबर, लोणी भापकर

दिवाळीला आलो. आबांकडं आता पाच शेळ्या आणि एक म्हातारी मेंढी आहे. प्रत्येकीच्या गळ्यात वेगळी घंटी. आबा आणि छकुलीचा नेहमीचा खेळ चालू होता — तिनं अंगणात डोळे मिटून उभं राहायचं, आणि कुठली शेळी कुठून आली ते सांगायचं. "काळी, उजव्या अंगानं. म्हातारी, मागनं." सहसा चुकत नाही. चुकली की आबा हळूच काठीनं पायाला टोचतात. उन्हाळ्याच्या सुट्टीपासून हेच चाललंय म्हणे. माझ्याशी आबा असे कधी खेळले नाहीत. या वयातसुद्धा मला पोटात दुखलं!

ती आत गेल्यावर आबांच्या जवळ बसलो. कसं बोलावं कळेना. शेवटी लॅपटॉपपासूनच सुरुवात केली. बदकं, कोल्हे, कडेचा कोल्हा मला दिसत नाही म्हणून.

आबा तंबाखू मळत होते. म्हणाले, "लांडगा कवाच समोरनं येत न्हाय."

"आबा, तुमाला बी असंच हुतं का?"

त्यांनी तंबाखू दाढेला धरली. तळहात धोतराला पुसला. मग म्हणाले, "सायकल सोडलीस का?"

"सोडली."

"ब्येस."

मला त्यांच्या पाया पडायचं होतं. दिवाळीच होती, पडता आलं असतं, कुणाला काही वाटलं नसतं. तरी जमलं नाही. ते उठले आणि भिंतीला हात लावत लावत गोठ्याकडं गेले. भिंतीला हात लावून चालतात हे मी जन्मभर बघतोय. म्हातारपणाआधीपासून.

२० नोव्हेंबर

सुकन्या रोज एकच विचारते. "छकुलीला कवा न्यायचं?" शनिवारी नेऊ म्हणतो. शनिवार जातो.

मला भीती वाटते. एवढी भीती मला ट्रॉलीत घुसलो तेव्हाही वाटली नव्हती. माझं काय व्हायचं ते होऊ दे, मी अडतीस वर्षं बघून घेतलंय. पण तिनं अजून समुद्र बघितला नाही. ती रोज एक एक वस्तू कडेला सोडत जाणार आणि आपण आपलं वेणी घालून तिला शाळेत पाठवायचं? डॉक्टर दिवा लावून बघतील आणि मान हलवतील. ती मान हलेपर्यंत तरी ती चांगली आहे.

आज माझा आकार परत काढला. तेवढाच आहे. तरी पेन्सिल टोकदार करून पुन्हा काढला. वेडाचार.

२५ नोव्हेंबर

सुकन्या आज ओरडली. "तुमचं मन राखायला पोरीचं डोळं घालवायचं का?" औषध नाहीच तर दाखवून काय उपयोग, असं मी म्हणालो. ती जेवली नाही. मीही नाही. छकुली दोघांच्या मधे बसून निमूटपणे भात खात होती.

२८ नोव्हेंबर, रविवार

एवढं साधं मला सुचलं कसं नाही! ज्या यंत्रानं मला पकडलं त्यावरच तिची तपासणी करायची.

चित्र ताणून स्क्रीन काठोकाठ भरला. खुर्ची पुढं, डोळ्यांपासून स्क्रीन बरोबर पंचेचाळीस सेंटिमीटर. मी बाजूला बसून तिच्या बुबुळांवर लक्ष ठेवलं — इकडंतिकडं बघते का. तिला सांगितलं, नजर बदकांवर. आवाज मोठा पाहिजे म्हणाली, दिला. मागेल ते दिलं असतं.

पहिला डाव सदतीस. दुसरा अडतीस. तिसरा चाळीस! चाळीसच्या चाळीस. नजर तळ्यावरून हलली नाही, आणि कोल्हा कडेवर उगवायच्या आत बोट बाणावर. उगवायच्या आत! मी नऊवर अडखळतो तिथं माझी लेक चाळीस हाकलते.

आकडे वहीत लिहून सुकन्याला दाखवले. तिनं विचारलं, "ह्याच्यावरनं नक्की कळतं?" मी म्हणालो, माझं यावरूनच कळलं ना? डॉक्टरांनी माझ्या मापाला शाबासकी दिलीय. सोळा वर्षं मापं घेतोय मी. ती पदर तोंडाला लावून बसून राहिली. मग उठून शिरा केला.

छकुलीला उचलून घेतलं. आता जड झालीय. तिला कळेना बाप का रडतोय. म्हणाली, "चाळीस तर आले की."

५ डिसेंबर

बारामतीला जायचं रद्द. आठवडाभर शांत झोपलो.

साहेबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी शीट बघितली आणि घडी घालून परत दिली. जानेवारीपासून मला जुन्या ड्रॉइंगांच्या खोलीत बसायचंय. कागद शोधून द्यायचे, परत आले की जागेवर लावायचे. पगार तोच. हिंदुराव माझं ड्रॉइंग बोर्डाच्या काळापासूनचं स्टूल आपल्याकडं घेऊन ठेवतो म्हणाले, लागलं तर आहे. लागणार नाही ते दोघांनाही माहीत आहे. सोळा वर्षांच्या पेन्सिली डब्यात भरून घरी आणल्या. छकुलीला देईन. तिच्या हातात रेघ चांगली आहे.

जाऊ दे. माझ्यावर येऊन थांबलं, एवढं बास झालं. देवाकडं दुसरं काही मागायचं नाही असं ठरवलंय.

१२ डिसेंबर, रविवार

सुकन्याचं डोकं दुखत होतं. छकुलीला म्हणाली, आवाज बंद करून खेळ. मी पेपर वाचत होतो. थोड्या वेळानं सहज बघितलं. अकरा. पुढच्या डावात आठ.

"ध्यान कुठाय तुझं?"

"आवाज न्हाय तर कोल्हा कुठनं आला ते कसं कळणार, पप्पा? आधी केकाटतो, मग आपण बाण दाबायचा."

"आणि दिसत न्हाय का कडेला?"

"कडेला कुठं काय असतं?"

पेपर खाली ठेवला. हे तुला कुणी शिकवलं, म्हणून विचारलं.

"आबांनी. शेळ्यांवर. कुणाला सांगू नको म्हणाले." मग बाण दाबत दाबत, माझ्याकडं न बघता — "म्हणाले, तुझ्या बापाला शिकवायचं ऱ्हाऊन गेलं."